ब्लॅकरॉक आणि आत्याचं मत

'ब्लॅकरॉक'वर लिहायचं बरेच दिवस मनात होतं, पण निमित्त मिळालं मुरुडला. (दापोलीजवळचं आमचं मुरुड हो, जंजिऱ्याचं नव्हे! हा खुलासा दर वेळी करावा लागतो.) आत्याचा सगळा जमाखर्च पोस्टाचं पासबुक आणि बँकेची एफडी यांतला. आता तिच्या लेकाने मोबाइलवरूनच तिच्या नावाने जिओ ब्लॅकरॉकच्या निफ्टी ५० फंडात पैसे घातलेत. आत्याने मला दोनच प्रश्न विचारले. "काय रे, हे ब्लॅकरॉक म्हणजे कोण? आणि तिथं आपल्या वतीने बोलतं कोण?"

पहिल्याचं उत्तर सोपं. १९८८ साली न्यूयॉर्कमध्ये लॅरी फिंक आणि त्यांच्या सात सहकाऱ्यांनी लोकांचे पैसे रोख्यांत सांभाळायला सुरुवात केली. पुढे २००९ मध्ये त्यांनी बार्कलेजचा गुंतवणूक व्यवसाय विकत घेतला, त्यातून निर्देशांकावर चालणारे फंड हाती आले. या फंडात कुणी शहाणपणा चालवत नाही. निर्देशांकात जे असेल ते घ्यायचं, बस्स. त्यामुळे खर्च कमी, आणि म्हणून जगभरचा पैसा तिकडे लोटला. २०२४ अखेर त्यांच्याकडे साडेअकरा लाख कोटी डॉलर होते, म्हणजे भारताच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या अडीचपटींहून जास्त! आपल्याकडे ते २००८ पासून डीएसपीबरोबर होते, २०१८ मध्ये बाहेर पडले. २०२३ मध्ये जिओ फायनान्शियलशी निम्मी-निम्मी भागीदारी ठरली, मे २०२५ मध्ये सेबीची परवानगी आली आणि पहिल्या तीन योजनांत तीन दिवसांत १७,८०० कोटी रुपये जमा झाले. (त्यात मोठा वाटा अर्थातच बड्या संस्थांचा.)

मला यात वाईट काही दिसत नाही. मधला एजंट नाही, कमिशन नाही, ५०० रुपयांत सुरुवात. आत्यासारखीला हे मिळायलाच हवं होतं.

घोडं अडतं ते दुसऱ्या प्रश्नाशी. फंडातले शेअर आत्याच्या पैशाचे, पण कंपनीच्या सभेत मत देतो फंड चालवणारा. आता गंमत बघा. निफ्टीचा फंड म्हटल्यावर रिलायन्स घ्यावीच लागते. जिओ फायनान्शियल २०२३ मध्ये रिलायन्समधूनच वेगळी निघाली, आणि मार्च २०२५ मध्ये तीही निफ्टी ५० मध्ये आली. म्हणजे आत्याच्या पैशाने घेतलेल्या शेअरचं मत देणार ती कंपनी, जिची निम्मी मालकी त्याच घरात आहे.

चोरी होते असं मी म्हणत नाही. २०२१ मध्ये सेबीने फंडांना मत देणं सक्तीचं करायला सुरुवात केली, मत कसं नि का दिलं तेही जाहीर करावं लागतं. चांगलाच नियम आहे. पण ते कळतं मत देऊन झाल्यावर, आणि आत्या काही तो तक्ता शोधत बसणार नाही.

आमच्या गावाला 'फंड' हा शब्द नवा नाही. महर्षी कर्व्यांनी मित्रांना घेऊन गावाच्या कामासाठी 'मुरुड फंड' काढला होता. आजही गावकीच्या सभेत अगदी थोडी वर्गणी देणारा माणूस उठतो आणि हिशोब विचारतो, कधी कधी नको तितका! लाख कोटींच्या फंडात हे जमणार नाही, मान्य. पण जमणारच नाही असंही नाही. खुद्द ब्लॅकरॉकने २०२२ पासून परदेशातल्या काही बड्या ग्राहकांना आपलं मत कसं पडावं हे निवडू द्यायला सुरुवात केली. मग छोट्यांना का नको? निदान स्वतःच्या घरातल्या कंपनीचा ठराव असेल तेव्हा तरी विचारा. ज्या अ‍ॅपवर ५०० रुपये घेता येतात, त्यावर एक प्रश्नही टाकता येईल.

आत्याला मी एवढंच म्हटलं, "पैसे राहू देत, फंड स्वस्त आहे. बोलणारं मात्र सध्या तेच." ती म्हणाली, "म्हणजे आपलं कुणी नाही, असं सरळ सांग की!"

मंडळी, तुमच्यापैकी कुणी आपल्या फंडाचा मतदानाचा तक्ता कधी उघडून पाहिला आहे का? पाहिला असेल तर काय सापडलं ते जरूर लिहा.