उघड्या दाराची चोरी

पनवेलच्या एका गृहस्थांनी गेल्या दिवाळीत फराळाच्या ताटावर निकाल दिला: जुन्या काळचे हॅकर म्हणजे भुरटे चोर, दुसऱ्याच्या मशीनमध्ये डोकावलं की चोरीच, ‘जिज्ञासे’चं मखर कशाला? गृहस्थ संगणक शिकवतात. याच जातकुळीतल्या मंडळींनी कॅल्क्युलेटर आला तेव्हा पाढ्यांचं सुतक धरलं होतं. असो.

नव्वदच्या दशकात मी पनवेलच्याच एका क्लासात युनिक्स शिकलो. कोपऱ्यात एक मशीन, त्याला आठ टर्मिनल, हिरवी अक्षरं. शिकवलेल्या कमांड सोडून काही टाइप करायचं नाही, अशी सरांची तंबी. मी पासवर्ड फाइल उघडली. उघडली म्हणजे काय, ‘कॅट’ म्हटलं आणि ती समोर आली. सगळ्यांना वाचता यावी अशीच ती ठेवलेली असते. युनिक्स फाइलसोबत मालकाचं नाव नाही, नुसता आकडा ठेवतं आणि यादी दाखवताना त्या आकड्याचं नाव या फाइलमधून शोधतं. ती कुलपात घातली तर कुठली फाइल कुणाची, हे कळायचंच नाही. पासवर्ड तिथे सांकेतिक रूपात असत. लोक ते फोडू लागले तेव्हा ते वेगळ्या, बंद फाइलमध्ये गेले. नावांची फाइल आजही उघडीच असते. वाड्याच्या दारावरच्या बिऱ्हाडकरूंच्या पाट्या वाचणारा चोर कसा? मला मात्र दोन दिवस बाहेर बसवलं. सरांचा पासवर्ड मी फोडला नव्हता. गरजच नव्हती; तो कॅलेंडरच्या मागे, दुधाच्या हिशोबाशेजारी लिहिलेला होता.

एमआयटीच्या सीटीएसएस या सामायिक प्रणालीवर साठच्या दशकात एकदा लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला स्वागताच्या निरोपाऐवजी सगळ्यांचे पासवर्ड दिसले. हॅकर कोण? कुणीच नाही. दोघे एकाच वेळी एडिटर वापरत होते, दोघांच्या तात्पुरत्या फाइलचं नाव एकच, आणि फायलींची अदलाबदल झाली.

कायद्याचं म्हणाल तर २००० च्या आयटी कायद्यातल्या कलम ६६ नेही ‘हॅकिंग’ला नुकसानीचा हेतू किंवा जाणीव लागते म्हटलं होतं. कलम ४३ विनापरवानगी प्रवेशाला भरपाई लावतं, कबूल. आणि १९९८ मध्ये अणुचाचण्यांनंतर भाभा अणुसंशोधन केंद्राच्या मशीनमध्ये शिरून पोरांनी ईमेल पळवले, ती चोरीच. तिची वकिली मी करत नाही.

मग माझं म्हणणं काय? मुलांना शिरायला एक मशीन द्या. खोटे वापरकर्ते, खोट्या फायली, थोडी चुकीची कुलपं. कुठलं दार का उघडं राहिलं हे ज्याला कळेल, तोच उद्या ते नीट लावेल. माझ्या माळ्यावर एक जुनं मशीन पडलंय. क्लाससाठी घेऊन जा, असं मी त्या गृहस्थांना तेव्हाच म्हणालो. आता पाडवा आला, ते काही आले नाहीत.