मदत भरपूर आली, पण यादी कुठंय?

काहींना टोचेल, पण लिहितो.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेनं करमाळा, माढा, मोहोळ, परंडा पट्ट्यात शिवारच्या शिवार धुऊन नेलं. राज्यभरातून मदतीच्या गाड्या आल्या. देणाऱ्यांचे उपकार आहेतच. पण गाड्या थांबल्या कुठं? डांबरी रस्त्याच्या कडेला. तिथं एकेका घरात किराण्याचे तीन-तीन किट, आणि रस्ता तुटलेल्या वस्तीवर कुणी फिरकलं नाही. जुन्या कपड्यांचे ढीग लागले, दावणीला मात्र वैरणीची पेंढी नाही. दुभत्या गाईला दिवसाला २०-२५ किलो हिरवा चारा लागतो, तिला साडी घालून काय करणार?

"संस्थांनी मन मोठं केलं, आता चुका काढू नका," असं म्हणणारे भेटतात. मी मनाबद्दल बोलतच नाही. दहा संस्था एकाच गावात जातात, कारण कुणी कुठं काय दिलं हे एकमेकांना माहीत नसतं. तलाठ्याचा पंचनामा काय बुडालं ते सांगतो, आज कुणाला काय पाहिजे ते सांगत नाही.

हे जमतं, कच्छनं करून दाखवलंय. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर तिथल्या संस्थांनी 'कच्छ नव निर्माण अभियान' या एका छत्राखाली गावांच्या गटागटाला 'सेतू' केंद्रं उघडली. गावाची गरज तिथं नोंदवायची, संस्था आणि सरकार दोघांनी तिथूनच माहिती घ्यायची.

आपल्याकडं खरी गरज तर किट संपल्यावर सुरू होते. खरडलेल्या एका एकरावर अर्धा फूट माती टाकायची म्हटलं तर २१८ ब्रास लागते. हिशेब करून बघा, ट्रॅक्टरच्या दोनशेवर ट्रॉल्या! सरकारनं हेक्टरी ४७ हजार रोख आणि रोहयोतून ३ लाखांपर्यंत जाहीर केले, पण जेसीबी, डिझेल, गाळ यांची जुळणी कोण करणार? तोवर फोटो काढणारे घरी गेलेले असतात. बागायती हरभऱ्याची पेर नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात उरकली नाही, तर खरिपामागं रब्बीही गेली.

म्हणून पुढच्या पुराआधीच ग्रामसभेत ठरवा:

१. दहा-पंधरा गावांमागं एक नोंद केंद्र, तिथं रोज अद्ययावत यादी: माणसं, जनावरं, चारा, औषधं.
२. यादी बघितल्याशिवाय गाडी गावात घ्यायची नाही.
३. कामं वाटून द्या. एका संस्थेकडं चारा, दुसरीकडं बियाणं, तिसरीकडं विहिरीतला गाळ अन् मोटारी.
४. निम्मा निधी पहिल्या महिन्यानंतरच्या शेतीकामासाठी राखून ठेवायला संस्थांना सांगा.

कृषी सहायक आणि पशुवैद्य मंडळींनी या यादीला हातभार लावावा, गरजेचा खरा अंदाज त्यांनाच असतो.

आणि संस्थांना हात जोडून एकच विनंती: येण्याआधी फोन करा, काय आणू म्हणून विचारा. तुमच्या बॅनरसाठी आमच्या बांधावर जागा आहे, पण आधी बांध तर उभा राहू द्या.