पाटीवर नाव नसलेल्यांची मंडळी

दोस्तांनो, मी चर्चमध्ये गेलो होतो. दचकू नका. डोक्यावर पाणी घेऊन आलेलो नाही. बावीस प्रतिज्ञा भिंतीवर होत्या तिथंच आहेत.

गेलो तो गोदीतल्या दोस्तासाठी. आम्ही एकाच गँगमध्ये. वर विंचला लोखंडाची कॉइल लोंबत असते तेव्हा खालचा माणूस बौद्ध की ख्रिस्ती, हे कॉइल विचारत नाही. त्याचं गाव नेवासं तालुक्यात. पणज्यापासून मिशनचे. त्याच्या मंडळीनं चार रविवार आपल्या पंथाच्या इतिहासावर कार्यक्रम ठेवलेला. तीन रविवार विद्वान बोलणार, चौथ्याला मंडळीतली माणसं आपापल्या घराची गोष्ट सांगणार. दोस्त म्हणाला, "चल बे, चहा-वडा आहे." गेलो.

पंथाचं नाव काँग्रिगेशनल. यांच्यात बिशप नाही. मंडळी स्वतःची मालक, पाळक मंडळीनंच निवडायचा. ऐकून बरं वाटलं. १८१३ साली यांचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मुंबईत उतरले, तेव्हा कंपनी सरकार त्यांना हाकलायला टपलेलं. १८३१ ला अमेरिकन मराठी मिशन अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, पोचलं. तिथून १८४२ ला 'ज्ञानोदय' निघालं. सिंथिया फरार नावाच्या बाईनं तिथं मुलींना शिकवलं. सावित्रीबाई शिक्षिका होण्याचं शिक्षण घ्यायला तिच्याकडेच गेल्या. १८५५ साली फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मांगाच्या पोरीनं मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला, तो याच 'ज्ञानोदय'नं छापला. चौदा वर्षांची पोर!

हे मी गुमान ऐकलं. खोटं कशाला बोलू? आमच्या सावलीचा विटाळ होत होता तेव्हा यांनी आमच्या पोरांच्या हातात पाटी दिली. बदल्यात आत्मा मागत होते, हेही खरं. पण पाटी दिली. ऋण ते ऋण.

पण तीन रविवार मी एक गोष्ट मोजत होतो. नावं. हॉलचं नाव, नॉटचं नाव, फरारबाईचं नाव. मग हरिपंत खिस्ते. मग १८९५ साली ख्रिस्ती झालेले नारायण वामन टिळक. बामण ख्रिस्ती झाला की त्याचं नाव येतं, तारीख येते, घरच्यांनी काय केलं तेही येतं. लक्ष्मीबाई टिळकांनी तर आपला विटाळ कसा सुटला ते 'स्मृतिचित्रे'मध्ये प्रामाणिकपणे लिहिलं, त्याला सलाम. आणि महार? "गावंच्या गावं आली." बस. आम्ही इतिहासात गोणीसारखे येतो, नगावर मोजलेले. वर शेपूट असतंच, दुष्काळात आले, पोटासाठी बाटले. म्हणजे बामणाचं धर्मांतर डोक्यानं आणि महाराचं पोटानं? १८७६ च्या दुष्काळात कोण आपल्याला मरू देतंय आणि कोण घास देतंय हे ज्याला कळलं, त्यानं विचार केला नाही असं कोण म्हणतो? भूक हा पण विचार असतो. सगळ्यात जुना.

तिसऱ्या रविवारी मी हात वर केला. म्हटलं, साहेब, नगरमध्ये जात सोडा म्हणून सांगणारं हे अमेरिकन बोर्ड आपल्या देशात गुलामांचे मालक मंडळीत ठेवायचे की काढायचे यावर कचरत होतं. म्हणून चिडलेल्या लोकांनी १८४६ साली वेगळी अमेरिकन मिशनरी असोसिएशन काढली. हे तुमच्या भाषणात का नाही? सभेत कुजबुज झाली. वक्ते भले माणूस. म्हणाले, "खरं आहे. सांगायला हवं होतं."

म्हणजे एका पंथाचा इतिहास एक नसतो. एकाच मंडळीत मालकाच्या गल्ल्याकडं बघणारे असतात, आणि बाकडं सोडून उठणारे पण असतात. फुल्यांनी १८७३ ला 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामी मोडणाऱ्या अमेरिकनांना. कुठल्या बाजूला हात जोडायचे, हे जोतिबाला बरोबर माहीत होतं.

चौथा रविवार. माईकवर आता आपली माणसं. एक म्हातारबाबा म्हणाले, गावातल्या चर्चचे दगड माझ्या आज्यानं डोक्यावर वाहिले. पाटी बसली ती पैसे देणाऱ्याच्या नावाची. एक आजी म्हणाल्या, आम्हाला मिशनच्या विहिरीवर पाणी होतं, गावाच्या विहिरीवर नव्हतं, अजून मला वेशीतून जाताना पाय जड होतो. एक पोरगा म्हणाला, सोयरीक जमवताना आमच्यात पहिला प्रश्न काय असतो? पूर्वीचे कोण, महार का मांग? पुढच्या बाकावर कुणीतरी खोकलं.

मग एक पोरगी उठली. माईक हातात घेतला. म्हणाली, "मला गोष्ट आहे. पण मी सांगू शकत नाही." आणि बसली.

बाहेर चहा पिताना दोस्तानं उलगडून सांगितलं. घरात येशू आणि दाखल्यावर हिंदू महार. नोकरी त्या कागदावर. गोष्ट सांगितली तर कागद जातो.

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं ठरवलं, हिंदू नाही तो अनुसूचित जातीचा नाही. १९५६ ला शीख आत घेतले, १९९० ला बौद्ध. ख्रिस्ती आणि मुसलमान आजही बाहेर. आपल्या राज्यात या ख्रिस्त्यांना ओबीसीत टाकलंय. पण गावात महार म्हणून मार खाल्ला तर ॲट्रॉसिटीचा कायदा त्यांचा नाही. मारणारा जात बघून मारतो, कोर्ट धर्म बघून बोलतं! २००७ ला रंगनाथ मिश्र आयोगानं ही धर्माची अट काढा म्हणून सांगितलं. २०२२ ला पुन्हा बालकृष्णन आयोग नेमला. आयोगावर आयोग, आणि पोरगी गप्प.

आपल्यातले काही म्हणतील, त्यांना घेतलं तर आपला घास कमी होईल. त्यांना मी एकच विचारतो. १९५६ ते १९९०, चौतीस वर्षं, आपल्या घरात काय चाललं होतं? नागपूरला दीक्षा घेतलेला माझा आजा केंद्राच्या नोकरीच्या फॉर्मवर 'हिंदू महार' लिहून आला आणि त्या रात्री जेवला नाही. आजी हे सांगायची. त्या पोरीचं गप्प बसणं मला नवीन नाही. ते आमच्याच घरातलं आहे. घास कमी पडतो तर ताट मोठं मागा. शेजारच्याचा हात कशाला धरता?

आणि मंडळीलाही सांगतो. १९७० ला तुमचा पंथ चर्च ऑफ नॉर्थ इंडियात मिळाला, नाव बदललं. 'पूर्वीचे कोण' हा प्रश्न बदलला? ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्याची जात सुटली का, याचा हिशोब बाबासाहेबांनी लिहून ठेवलाय, पाचव्या खंडात आहे, वाचा. तुमच्याच अरविंद निर्मल यांनी १९८१ ला बंगळूरच्या धर्मशास्त्राच्या कॉलेजात भाषण केलं आणि देवाकडं तळातून बघायला सुरुवात केली. एका भाषणानं एवढं होतं. मग पुढच्या वर्षी पहिले तीन रविवार म्हाताऱ्यांना द्या, विद्वानांना चौथा. दगड वाहिलेल्यांची नावं लिहून काढा आणि त्या पाटीशेजारी दुसरी पाटी लावा.

पोरीची गोष्ट मी इथं लिहीत नाही. ती तिची आहे. तिला ती माईकवर, नावासकट सांगता आली पाहिजे आणि दुसऱ्या दिवशी कामावर जाता आलं पाहिजे. तोवर तुमचा इतिहास अर्धा, आणि आमची चळवळ पण अर्धी.

सोमवारी पहाटे गोदीच्या गेटवर दोस्त भेटला. म्हणाला, "जय भीम." मी म्हटलं, "जय ख्रिस्त." हसलो, आणि कॉइलखाली गेलो.