शोधशब्दांचा विवेक

घरातील कर्ता माणूस गेला की त्याच्या शेतजमिनीवर वारसांची नावे लावून घ्यावी लागतात. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार, वारसाहक्काने जमीन मिळाल्याची खबर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे द्यावयाची असते. घर दुःखातून पुरते सावरलेले नसते, कचेरीची धास्ती असते आणि दिवस मोजके असतात. अशा वेळी घरातील शिकलेला मुलगा मोबाइलवर 'वारस नोंद कशी करावी' हे चार शब्द लिहितो आणि उत्तराची वाट पाहतो. समोर आलेल्या लेखाचा पहिला परिच्छेद त्याला सांगतो की, वारस नोंद ही अत्यंत महत्त्वाची बाब आहे. दुसरा सांगतो की, वारस नोंद कशी करावी हा प्रश्न अनेकांना पडतो. तिसरा आश्वासन देतो की, वारस नोंद कशी करावी हे आपण आता पाहणार आहोत. लेख संपेपर्यंत 'वारस नोंद' हे शब्द वीस-पंचवीस वेळा येऊन गेलेले असतात. अर्ज कोणाकडे, कोणत्या कागदांसह आणि किती मुदतीत करावयाचा, हे मात्र कोठेच सापडत नाही.

हा लेख माणसासाठी लिहिलेलाच नसतो. तो शोधयंत्रासाठी लिहिलेला असतो. लोक कोणते शब्द घालून शोध घेतात याची यादी करावयाची आणि ते शब्द, ज्यांना या व्यवसायात 'कीवर्ड' म्हणतात, लेखात जागोजागी पेरावयाचे, ही आता एक रुळलेली रीत झाली आहे. पेरणी बेतात असेल तर पीक येते. मूठभर बियाण्याच्या जागी पोतेभर ओतले तर रोपे एकमेकांनाच खाऊन टाकतात. शोधशब्दांचे नेमके हेच झाले आहे.

तथापि, यात शोधशब्दाला दोष देणे अन्यायाचे होईल. वाचक आणि मजकूर यांची गाठ घालून देणारा शब्द ही काही संगणकाने आणलेली नवी गोष्ट नव्हे. ग्रंथालयातील विषयवार कार्डे आणि पुस्तकाच्या शेवटची सूची ही त्याच कुळातील. ग्रंथालयशास्त्राचे आचार्य डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली आपले पाच सिद्धान्त मांडले, त्यांत वाचकाचा वेळ वाचविण्याला स्वतंत्र स्थान दिले होते. १९५८ च्या सुमारास आय. बी. एम. मधील हान्स पीटर लून यांनी लेखांच्या शीर्षकांतील महत्त्वाचे शब्द यंत्राकरवी वेचून त्यांची सूची करण्याची पद्धत पुढे आणली. हेतू एकच होता: ज्याला जे हवे ते त्याला लवकर सापडावे. शोधशब्द ही वाचकाची सोय आहे, लेखकाची क्लृप्ती नव्हे, हे या परंपरेचे सार होय.

क्लृप्तीचा शिरकाव झाला तो नंतर. १९९० नंतरच्या दशकातील आरंभीची शोधयंत्रे पृष्ठावर एखादा शब्द कितीदा आला याला मोठे महत्त्व देत. लबाडांनी ते ताडले. पांढऱ्या पृष्ठावर पांढऱ्याच अक्षरांत तोच शब्द शेकडो वेळा लिहून ठेवण्यापर्यंत मजल गेली. वाचकाला काही दिसू नये आणि यंत्राला मात्र सारे दिसावे! वस्तुतः नुसत्या संख्येवर विसंबणे चूक आहे, हे शास्त्राने त्यापूर्वीच सांगितले होते. ब्रिटिश विदुषी कॅरेन स्पार्क जोन्स यांनी १९७२ साली दाखवून दिले की, जो शब्द पुष्कळ लेखांत आढळतो त्याचे मोल कमी धरावे आणि जो मोजक्या लेखांत आढळतो त्याचे अधिक. १९९८ साली स्थापन झालेल्या गूगलने इतर पृष्ठे एखाद्या पृष्ठाचा किती निर्देश करतात हेही जमेस धरले. पृष्ठाच्या पोटात दडवलेली शोधशब्दांची यादी क्रम लावताना आपण विचारात घेत नाही, असे त्याच कंपनीने २००९ मध्ये जाहीर केले. २०११ मध्ये पोकळ मजकुराला मागे सारणारा बदल आला आणि २०१९ मध्ये वाक्यातील शब्दांचा परस्परसंबंध जाणू पाहणारी 'बर्ट' ही पद्धत शोधकार्यात रुजू झाली. शब्दांचा भडिमार हा आता कंपनीच्या लेखी नियमभंगच आहे. म्हणजे जी लबाडी नीतीला धरून नव्हतीच, ती आता व्यवहारालाही धरून राहिलेली नाही.

यावर कोणी म्हणेल की, असे लेख आजही अनेकदा वरच्या क्रमांकावर दिसतातच. हे नाकारण्यात अर्थ नाही. यंत्र चुकते आणि चुकत राहील. शिवाय असे लेख लिहिणारे बहुधा शब्दाच्या दराने मोबदला घेणारे तरुण असतात. यादी आणि शब्दसंख्या दोन्ही वरून ठरून येतात. त्यांना नीतीचे धडे देणे सोपे आहे. परंतु वरच्या क्रमांकाने वाचक फार तर दारापर्यंत येतो. आत काही नाही असे दिसताच तो परततो आणि पुन्हा त्या दाराशी फिरकत नाही. मोबदला देणाऱ्यांनी हा हिशेब मांडून पाहावा.

मराठीत लिहिणाऱ्यांना तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. इंग्रजीतला शब्द बहुधा होता तसाच राहतो. मराठी शब्दाला विभक्ती लागताच त्याचे रूप पालटते. 'सातबारा'चे 'सातबाऱ्यावर' होते, 'पाणी'चे 'पाण्याचा' होते. यादीतील रूप जसेच्या तसे बसविण्याच्या हट्टापायी 'सातबारा उतारा वर नाव लावणे' अशी लंगडी वाक्ये लिहिली जातात. शाळेत ज्या चुकीला शिक्षक लाल रेघ मारील, तीच येथे कौशल्य म्हणून मिरवते! इतके करून साधते काय? यंत्राला पूर्वी रूपांतरे उमगत नसतील. म्हणून भाषेनेच यंत्रापुढे अडाणी व्हावे, हे कोणते शहाणपण?

मग विवेक कोणता? पहिली गोष्ट अशी की, शब्द वाचकाच्या तोंडचा निवडावा. गाव नमुना सात याला सरकारी भाषेत 'अधिकार अभिलेख पत्रक' म्हणतात. पण शोध घेणारा 'सातबारा' असेच लिहिणार. तेव्हा शीर्षकात आणि आरंभीच्या वाक्यांत 'सातबारा' हवा, आणि पुढे एकदा त्याचे अधिकृत नाव सांगावे, म्हणजे कचेरीत गेल्यावर वाचक गोंधळणार नाही. दुसरी गोष्ट, एका लेखाने एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावे आणि ते लवकर द्यावे. विषयाचे नीट विवेचन झाले की 'फेरफार', 'मृत्यूचा दाखला', 'प्रतिज्ञापत्र', 'हरकत' हे सोबतचे शब्द आपोआपच येतात. ते मोजून घालावे लागत नाहीत. तिसरी गोष्ट, लेख मोठ्याने वाचून पाहावा. जेथे शब्दाची पुनरुक्ती कानाला खटकते, तेथे ती वाचकालाही खटकणार. आणि उत्तर संपले की लेखही संपावा.

याची दुसरी बाजूही आहे, आणि ती आपल्या कचेऱ्यांनी ऐकण्याजोगी आहे. ज्यांच्याजवळ खरी माहिती असते त्यांना शोधशब्दांची पर्वाच नसते. कित्येक परिपत्रके कागदाचे छायाचित्र काढून चढविलेली असतात. कित्येक जुन्या, युनिकोडपूर्व टंकांत अडकलेली असतात. त्यांतील अक्षरे यंत्राला धड वाचता येत नाहीत. शीर्षक असते ते केवळ क्रमांक आणि दिनांक. परिणामी अस्सल कागद अंधारात राहतो आणि पोकळ लेख उजेडात येतो. परिपत्रकाच्या माथ्यावर लोकांच्या भाषेतील एक ओळ लिहिली आणि मजकूर युनिकोडमध्ये टंकला, तर एखादा लिपिकही हजारोंचे हेलपाटे वाचवू शकेल.

विद्यार्थ्यांना निबंध शिकविताना शिक्षक सांगत आले आहेत की, विचारले तेवढ्याचे नेमके उत्तर लिहा, पाने भरू नका. हाच नियम शोधयंत्रासाठी लिहिणाऱ्यालाही लागू आहे. प्रश्न विचारणारे यंत्र नसते. यंत्राच्या पलीकडे तीन महिन्यांच्या मुदतीची चिंता वाहणारे एक घर असते. त्या घराच्या तोंडचा शब्द ओळखणे आणि त्या शब्दापाशी खरे उत्तर ठेवणे, एवढेच लेखकाचे काम आहे. ते नीट झाले तर शोधशब्द एकदा येऊनही पुरतो. न झाल्यास शंभरदा येऊनही व्यर्थ जातो.