मणक्याचा रोबो कोणाचा?

"रोबोच्या मदतीने मणक्याचे ऑपरेशन म्हणजे श्रीमंतांचे चोचले, आपला काय संबंध?" हे आपल्याच कार्यकर्त्यांच्या तोंडून ऐकले की संताप येतो. पोती, विटा, घमेली, मैला वाहून पिढ्यानपिढ्या कोणाचे मणके झिजले? मग मणक्यावरच्या सर्वांत नव्या उपचाराशी आपला संबंध नाही, हे ठरवले कोणी?

आधी यंत्र समजून घ्या. हा रोबो स्वतः ऑपरेशन करत नाही. सीटी स्कॅन पाहून स्क्रू कुठे आणि कोणत्या कोनात बसवायचा, हे सर्जन ठरवतो. रोबोचा हात तो कोन पक्का धरून ठेवतो. स्क्रू सर्जनच बसवतो. तो थोडा जरी चुकला तरी मज्जारज्जूला किंवा नसेला इजा होऊ शकते. म्हणून अचूकतेला मोल आहे.

आता धंदा समजून घ्या. इस्रायलच्या मेझोर कंपनीच्या 'स्पाइनअसिस्ट'ला अमेरिकेत २००४ साली मान्यता मिळाली. २०१८ मध्ये मेडट्रॉनिकने ही कंपनी सुमारे १६० कोटी डॉलरना विकत घेतली. मेडट्रॉनिक मणक्याचे स्क्रूही विकते. म्हणजे यंत्र विकले की स्क्रूचे गिऱ्हाईकही हाताशी!

जाहिरातीला भुलू नका. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन चाचणीत रोबोच्या मदतीने ८५ टक्के, तर नेहमीच्या पद्धतीने ९३ टक्के स्क्रू नीट बसले होते. पुढे यंत्रे सुधारली, अचूकताही वाढली. पण रुग्णाचे दुखणे त्यामुळे कायमचे जास्त कमी होते, हे अजून ठामपणे सिद्ध झालेले नाही.

तरीही यंत्राला शिव्या देऊ नका. बाबासाहेबांनी १९४५ साली गांधीवादाच्या यंत्रविरोधाची चिरफाड केली, ती याच मुद्द्यावर. दोष यंत्राचा नाही. यंत्राचा फायदा मूठभरांच्या घशात घालणाऱ्या समाजरचनेचा आहे. बदलायची ती रचना.

म्हणून आपली मागणी स्पष्ट हवी. सरकारी रुग्णालयात आधी वेळेवर एमआरआय, पुरेसे सर्जन आणि फिजिओथेरपी द्या. पुरावा पक्का झाला की रोबोही तिथे आणा, आणि माथाडी व सफाई कामगाराला तो उपचार मोफत मिळू द्या.

मुलामुलींनो, न्यूरोसर्जरीच्या नीट सुपरस्पेशालिटी प्रवेशात जातनिहाय आरक्षण नाही. हा दरवाजा बंद ठेवून 'गुणवत्ते'च्या गप्पा मारल्या जातात. त्याविरुद्ध लढा. आणि सर्जन व्हा, रोबोचे प्रोग्रॅम लिहिणारे इंजिनिअरही व्हा.

ओझे आपण वाहिले. आता यंत्रावरही हक्क सांगू.

जय भीम!