नकली कॅसेट आणि नवी कॅसेट

“आपलं अख्खं बालपण डुप्लिकेट कॅसेटींवर गेलं, आता कसलं सोवळं नेसून बसतोस?” जुन्या व्हिडिओ गेमचा विषय निघाला की माझा एक मित्र हे हमखास ऐकवतो. त्यातला पूर्वार्ध खरा आहे. नव्वदच्या दशकात आपल्याकडे ज्याला ‘टीव्ही गेम’ म्हणत, तो बहुतेक घरांत निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची नक्कल असे. १९८३ साली जपानात आलेल्या मूळ फॅमिकॉमला कुलूप नव्हतं. ६० पिनांची कोणीही बनवलेली कॅसेट त्यात चाले. अमेरिकेत जाताना निन्टेन्डोने ७२ पिना केल्या आणि कुलपाची चिप बसवली. नक्कल करणाऱ्यांनी अर्थातच बिनकुलपाचं यंत्र उचललं आणि त्यातूनच कॉन्ट्रा, रोड फायटर, ‘टँक’ आपल्या टीव्हीवर आले. टँकचं खरं नाव बॅटल सिटी आहे हे मला नोकरीला लागल्यावर कळलं.

पण म्हणून आजच्या ‘रिप्रो’ कॅसेटी, म्हणजे जुन्या गेमच्या नव्याने बनवलेल्या नकला, त्याच मापाने मोजायच्या का? ‘९९९९९९९ इन १’ लिहिलेल्या कॅसेटीत खरे गेम पंधरा-वीस निघायचे. बाकी त्याच गेमांचे पुढच्या लेव्हलपासून सुरू होणारे अवतार. ती थाप होती, पण चौथीतल्या पोरालाही ठाऊक असलेली. ती कॅसेट अस्सल जपानी म्हणून कोणी आपल्या गळ्यात मारली नाही. मूळ कंपनीचा हक्क बुडत होता तो बुडतच होता, ते पाप मी धुऊन काढत नाही. मात्र घेणाऱ्याला आपण काय घेतोय हे माहीत होतं.

रिप्रोचं दुखणं नेमकं इथे आहे. भाच्यासाठी मी एका विक्रेत्याकडून गेम बॉय अ‍ॅडव्हान्सची पोकेमॉन एमराल्ड घेतली. ‘ओरिजिनल, वापरलेली’ असं सांगून दिलेली. हिरवं पारदर्शक कवच, चकचकीत लेबल, किंमतही अस्सलला शोभेल अशी. भाच्याने महिनाभर खेळून एलिट फोरला हरवलं, गेम सेव्ह केला, आणि दुसऱ्या दिवशी कॅसेट कोरी. मग मी भिंग घेऊन बसलो. अस्सल लेबलवर दोन आकडे दाबून उमटवलेले असतात, नीट तिरकं धरलं तर दिसतात. इथे काहीच नव्हतं. कवच उघडलं तर बॅटरीही नाही. अस्सल एमराल्डमध्ये बॅटरी फक्त घड्याळापुरती असते. ती संपली तरी सेव्ह जात नाही, कारण तो फ्लॅश मेमरीत असतो. इथे एका स्वस्त चिपवर सगळा कारभार होता. भाच्याने मला एकच विचारलं, “मामा, तुला कळलं कसं नाही?”

आता रिप्रोवाल्यांची मोठी ढाल म्हणजे जतन. जुने गेम कंपन्या विकत नाहीत, मग आम्ही ते जिवंत ठेवतो, असं ते म्हणतात. कंपन्या विकत नाहीत हे खरंच आहे. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या पाहणीत २०१० पूर्वी तिथे निघालेल्या गेमांपैकी ८७ टक्के बाजारात मिळत नाहीत असं आढळलं. आकडा लाजिरवाणा आहे आणि त्याचा दोष कंपन्यांच्याच पदरात पडतो. पण रिप्रोवाल्यांचा माल बघा. पोकेमॉन, अर्थबाउंड, लिटल सॅमसन. हे हरवलेले गेम आहेत होय? महागलेले आहेत. त्यांचा डेटा कधीच वाचून, तपासून ठेवला गेलाय, आणि ते काम चिपा उघडून फुकट राबणाऱ्या हौशी लोकांनी केलंय. रिप्रोवाला त्यांच्याच कष्टांवर लेबल चिकटवतो. ‘मदर ३’ चं उदाहरण घ्या. २००६ मध्ये फक्त जपानात निघालेल्या या गेमचं इंग्रजी भाषांतर चाहत्यांनी २००८ मध्ये करून फुकट वाटलं, आणि बाजारात त्याच्याच कॅसेटी पैसे मोजून मिळू लागल्या. भाषांतर करणाऱ्याच्या हाती काय, तर नमस्कार!

त्यातही कारागिरी धड असती तर एक वेळ गप्प बसलो असतो. फॅमिकॉमसारखी जुनी यंत्रं ५ व्होल्टवर चालतात. स्वस्त रिप्रोत ३.३ व्होल्टची चिप मधे काही न घालता सरळ जोडलेली सापडते. आणि कधी कधी तर एखाद्या गरीब, न खपणाऱ्या अस्सल कॅसेटचा बळी देऊन तिच्या बोर्डावर नवी चिप डकवतात. याला जतन म्हणायचं!

इथवर वाचून संग्राहक मंडळी खूश झाली असतील. त्यांचा समाचार आता घेतो. यांच्या लेखी निन्टेन्डोचा शिक्का नसलेलं सगळं एकजात ‘फेक’. रिप्रोही फेक आणि आज कोणी स्वतः लिहिलेला नवा होमब्रू गेमही फेक. पण तो शिक्का काही ज्ञानेश्वरांच्या हातचा नव्हता. कुलपाच्या जोरावर निन्टेन्डो दुसऱ्या कंपन्यांना अमेरिकेत वर्षाला पाचच गेम काढू देई आणि कॅसेटीही स्वतःच बनवी. कॉन्ट्रावाल्या कोनामीने या मर्यादेतून वाट काढायला ‘अल्ट्रा’ नावाची दुसरी पाटी लावली. म्हणजे शिक्का हा गुणवत्तेचा कमी आणि नाकाबंदीचा जास्त.

या वादातली रेघ अमेरिकी न्यायालयांनी १९९२ मध्येच ओढून ठेवली आहे, तीही दोन निकालांत. अ‍ॅकोलेड कंपनीने सेगाचे गेम उलगडून यंत्र कसं चालतं ते शिकून घेतलं आणि स्वतःचे गेम बनवले. न्यायालय म्हणालं, चालेल. अटारी गेम्सने मात्र निन्टेन्डोच्या कुलपाच्या प्रोग्रॅमची प्रत कॉपीराइट कार्यालयाकडून खोटं सांगून मिळवली. तिथे ती कंपनी हरली. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमातही, दुसऱ्या प्रोग्रॅमशी जुळेल असा स्वतंत्र प्रोग्रॅम लिहायला लागणारी माहिती काढून घ्यायची मुभा आहे. यंत्र समजून घेऊन त्यावर आपलं काही लिहिणं आणि दुसऱ्याचं उचलून आपल्या नावावर, किंवा त्याहून वाईट, त्याच्याच नावावर विकणं, ही दोन कामं एका टोपलीत टाकता येत नाहीत.

आणि होमब्रूवाले काय करतात ते जरा जवळून बघा. २०१९ मध्ये मॉर्फकॅट गेम्सने एनईएससाठी, म्हणजे फॅमिकॉमच्या अमेरिकी अवतारासाठी, ‘मायक्रो मेजेस’ काढला. चौघांनी एकत्र खेळायचा गेम, बुरुज चढत जायचा, आणि सगळा मिळून ४० किलोबाइट. आपल्या व्हॉट्सअ‍ॅपवर रोज सकाळी येणारं गुलाबाचं फूल याहून जड असतं. सुपर मारिओ ब्रदर्स एवढ्याच जागेत होता, म्हणून यांनी मुद्दाम तीच मर्यादा घालून घेतली. जागा वाचवायला पडद्याचा अर्धा भागच साठवायचा आणि उरलेला आरशासारखा उलटा काढायचा. १९८५ च्या कारागिराने बघितलं असतं तर पाठ थोपटली असती. सेगाच्या मेगा ड्राइव्हसाठी ‘झेनो क्रायसिस’ही त्याच वर्षी आला, गेम बॉयसाठी तर ‘जीबी स्टुडिओ’मुळे प्रोग्रॅमिंग न येणारी माणसंही गेम बनवताहेत. यांच्या कॅसेटीवर बनवणाऱ्याचं नाव असतं, सालही आजचंच असतं. जतन करायचंच असेल तर मला हे जतन वाटतं. यंत्राला नवं काम मिळतं, आणि ते काम करू शकणारी माणसं तयार होतात.

आपल्याकडे इंजिनिअरिंगच्या मुलांना अजून ८०८५ नाहीतर ८०८६ प्रोसेसरची असेंब्ली भाषा घोकावी लागते, परीक्षा झाली की विसरायची म्हणून. फॅमिकॉमचा ६५०२ घराण्यातला प्रोसेसर त्या मानाने सुटसुटीत. मी स्वतः गेले काही महिने रात्री जेवणं उरकल्यावर तेवढाच उद्योग करतोय. पाटीवर अक्षरं गिरवायचा छोटा गेम, मराठीतून. यंत्र पडद्यावर सगळं ८ बाय ८ ठिपक्यांच्या फरश्यांतून मांडतं. शिरोरेघेने मला आनंद दिला, सगळ्या फरश्यांतून एक ओळ सरळ ओढली की झालं. वेलांटी वर आणि उकार खाली जातो, तेव्हा अक्षराला दोन फरश्यांची उंची द्यावी लागली. पार्श्वभूमीला एका वेळी फरश्या मिळतात २५६, त्यातल्या अर्ध्या जोडाक्षरांनी खाल्ल्या. भाचा तपासनीस आहे. ‘क’ त्याने पास केला, ‘झ’ दोनदा परत पाठवला. ‘ळ’ अजून बसत नाही, आठ ठिपक्यांच्या रुंदीत त्याचे दोन गोल एकमेकांत शिरतात आणि तो म्हणतो, “मामा, हा चष्मा आहे.”