खाट न लागणारा आजार

‘डॉक्टर, हे कार्डात बसते का?’ चंद्रपूर-गडचिरोलीत दातांचा दवाखाना चालवणाऱ्या कुणालाही हा प्रश्न नवा नाही. आपण बहुतेक जण ‘नाही’ म्हणतो आणि पुढच्या रुग्णाकडे वळतो. हे उत्तर अर्धेच खरे आहे. त्या कार्डामागच्या महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आणि प्रधानमंत्री जन आरोग्य योजना 1 एप्रिल 2020 पासून राज्यात एकत्र राबवल्या जातात. 28 जुलै 2023 च्या शासन निर्णयाने कुटुंबामागे वर्षाला 5 लाख रुपयांचे संरक्षण आणि 1,356 उपचार अशी या एकत्रित योजनेची व्याप्ती ठरली. अपघातात मोडलेला जबडा त्यात बसतो. जबड्यातली गाठ बसते. तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया बसते, पुढचे रेडिएशन आणि केमोथेरपीही बसते. साधे दात काढणे, सिमेंट भरणे, रूट कॅनॉल, हिरड्यांची सफाई मात्र बसत नाही. 2008 च्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत कुटुंबाला जेमतेम 30,000 रुपयांचे संरक्षण होते, तेव्हाच ही रेघ आखली गेली: भरती व्हावे लागले नाही, तर दातांचा खर्च विम्यात नाही. रक्कम तीस हजारांवरून पाच लाखांवर गेली, रेघ होती तिथेच राहिली. योजना आजाराकडे पाहत नाही, खाटेकडे पाहते, आणि आपल्याकडे असते ती खुर्ची.

या रेघेची सर्वांत मोठी किंमत किडलेल्या दाताने मोजली जाते असे वाटेल. दुखरा दात महिनोन् महिने सहन करणाऱ्यांचे हाल कमी नाहीत, आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या काही गावांत भूजलातील फ्लोराइडने डागाळलेले दात हा तर स्वतंत्र लेखाचा विषय आहे. पण या दोन जिल्ह्यांत खरा घात होतो तो खर्ऱ्यामुळे. कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून पन्नीत बांधलेली ती पुडी शाळकरी मुलांच्या खिशातही सापडते. सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने दोन दशकांपूर्वीच जाहीर केले आहे. तरी ‘यात तंबाखू कमी टाकतो’ हे समर्थन आपल्याला अजून ऐकावे लागते. मग एक दिवस रुग्ण सांगतो की तिखट लागले की तोंडाची आग होते. आपण गालाच्या आत बोट फिरवतो, तर मऊ त्वचेखाली पांढुरके, ताठ पट्टे लागतात. निरोगी माणसाच्या तोंडात त्याची स्वतःची तीन बोटे उभी मावतात. इथे दोनच जातात, पुढे एकच. सबम्यूकस फायब्रोसिस ओळखायला याहून महागडे साधन लागत नाही.

या आजाराला खाट लागत नाही. गालात ठरावीक अंतराने द्यायची स्टिरॉइड आणि हायलुरोनिडेजची इंजेक्शने, आइस्क्रीमच्या काड्या दातांमध्ये एकेक वाढवत नेण्याचा व्यायाम, संशयित डागाची बायोप्सी, वर्षानुवर्षांचा पाठपुरावा आणि दर भेटीत खर्रा सोडण्याविषयी बोलणे, हे सगळे बाह्यरुग्ण विभागात होते. म्हणूनच यातले काहीही योजनेत नाही. केरळमधल्या एर्नाकुलम जिल्ह्यात अशा रुग्णांचा 17 वर्षे पाठपुरावा झाला, तेव्हा त्यांच्यातल्या 7.6 टक्के जणांना कर्करोग झाल्याचे आढळले. हा अभ्यास 1985 मध्ये प्रसिद्ध झाला. तोंड आवळू लागल्यापासून कर्करोग होईपर्यंत अनेकदा वर्षे जातात. या काळात कार्ड खिशात असते आणि त्याचा रुपयाचा उपयोग होत नाही. जबड्याचा भाग काढावा लागतो, तेव्हा मात्र तेच कार्ड चालते.

शिवाय त्या मोठ्या उपचाराच्या दारावर एक कुलूप आहे. कर्करोगाच्या पॅकेजला पूर्वमंजुरी मागताना बायोप्सीचा अहवाल जोडावा लागतो. खाजगीत ती बायोप्सी करायची तर पैसे रुग्णाचे. सरकारीत करायची तर ऊतक घेणारा हात आणि ते तपासणारी प्रयोगशाळा एका ठिकाणी असतेच असे नाही. विदर्भाचे शासकीय दंत महाविद्यालय नागपूरला, आणि सिरोंचाहून नागपूर साडेतीनशे किलोमीटरच्या पुढे. तेंदूपत्त्याच्या दिवसांत किंवा रोवणीच्या हंगामात दोन माणसांची मजुरी बुडवून एवढा प्रवास करायचा, तोही ‘न दुखणाऱ्या’ पांढऱ्या डागासाठी. रुग्ण टाळतो यात नवल नाही. त्याला निष्काळजी ठरवण्याआधी हा हिशेब आपण मांडायला हवा.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क आहेत, मग विमा कशाला? निर्णय चांगलाच आहे. पण रुग्णाकडून पैसे न घेणे आणि ग्रामीण रुग्णालयातली दंतखुर्ची चालू ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कंप्रेसर बिघडला, सिमेंट संपले, फॉर्मॅलिनची बाटली नाही, पद रिक्त आहे, अशा वेळी निःशुल्क केसपेपरचा अर्थ फक्त नागपूरची चिठ्ठी एवढाच उरतो. योजनेत दाव्याची रक्कम सरकारी रुग्णालयालाही मिळते. बायोप्सीमागे आणि वर्षभराच्या पाठपुराव्यामागे अशी रक्कम मिळू लागली, तर एटापल्ली किंवा कोरचीच्या रुग्णालयाला ती खुर्ची चालू ठेवण्याचे कारण मिळेल.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि तो आपल्याच व्यवसायाबद्दल आहे. बाह्यरुग्ण उपचारांचे दावे छोटे आणि असंख्य असतात. न काढलेले दात कागदावर निघतील, न भरलेली सिमेंटे भरली जातील. ही भीती खोटी नाही. पण तिच्यावर उपाय आहेत. डायलिसिस आणि केमोथेरपीसाठी रुग्ण रात्रभर राहत नाही, तरी योजना त्यांचे पैसे देते. म्हणजे खाटेची अट मोडता येते, हे योजनेनेच मान्य केले आहे. बायोप्सीला प्रयोगशाळेचा अहवाल हा पुरावा आपोआप असतो. फायब्रोसिससाठी प्रत्येक इंजेक्शनचा वेगळा दावा न ठेवता वर्षाचे एकच पॅकेज ठेवता येईल, आणि तोंड किती मिलिमीटर उघडते याची सुरुवातीची व नंतरची नोंद सक्तीची करता येईल. बाह्यरुग्ण दंतोपचार विम्याला पेलत नाहीत असेही नाही. बल्लारपूर-चंद्रपूरकडच्या उद्योगांतल्या ज्या कामगारांचा कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) भरला जातो, त्यांना ते मिळतात. थायलंडने 2002 मध्ये सर्वांसाठी आरोग्य योजना आणली, तेव्हा दात काढणे, भरणे आणि सफाई पहिल्यापासून तीत होती.

उरतो तो ‘आधी खर्रा बंद करा’ हा सूर. बंदी आणि जनजागृती हवीच. गडचिरोलीत 2016 पासून ‘मुक्तिपथ’ या दारू-तंबाखूमुक्तीच्या अभियानाने गावागावांत ते काम केले आहे. पण ज्यांचे तोंड आज आवळले आहे, त्यांना प्रतिबंधाच्या भाषणाने काय मिळणार? तिरुवनंतपुरममध्ये प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी नुसत्या डोळ्यांनी तोंडे तपासली. एकूण लोकसंख्येत मृत्यूंतला फरक निर्णायक नव्हता, पण तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू 34 टक्क्यांनी घटले. 2005 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेला हा निष्कर्ष आपल्या जिल्ह्यांसाठीच लिहिला असावा असे वाटते. तपासणीचा लाभ व्यसनी माणसालाच सर्वांत जास्त होतो. मात्र तपासणीत डाग सापडल्यावर पुढची पायरी फुकट आणि जवळ नसेल, तर ती तपासणी निरर्थक ठरते.

म्हणून सगळे दंतवैद्यक एकदम योजनेत आणा, असा आमचा आग्रह नाही. कृत्रिम दात आणि रूट कॅनॉलसाठीची लढाई लांबची आहे. आज मागायच्या गोष्टी थोड्या आहेत: तोंडातल्या संशयित डागाची बायोप्सी, सबम्यूकस फायब्रोसिसचे वार्षिक पॅकेज, आणि सुजलेल्या, पू झालेल्या दाताचा तातडीचा उपचार. खाटा नसलेल्या खाजगी दवाखान्यालाही एवढ्यापुरती संलग्नता मिळावी. तोवर आपल्या हातात आहे ते आपण करावे. ‘बसत नाही’ एवढेच न सांगता काय बसते तेही सांगावे. डागाची जागा, आकार आणि तोंड उघडण्याचे माप चिठ्ठीवर लिहावे. नागपूरला पाठवण्याआधी रुग्णाचे रेशनकार्ड आणि आधारवरचे नाव जुळते का ते पाहावे, कारण तिथे योजनेच्या आरोग्यमित्रासमोर सगळे अडते ते बहुधा याच ठिकाणी.

शासनाकडे ही मागणी नेताना एक दाखला सोबत न्यावा. 2 जुलै 2012 रोजी ही योजना राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली, तेव्हा तिच्या पहिल्या आठ जिल्ह्यांत गडचिरोली होता. उर्वरित महाराष्ट्राला ती 21 नोव्हेंबर 2013 रोजी मिळाली. बाह्यरुग्ण मुखआरोग्याचा प्रयोगही याच जिल्ह्यात आधी करून पाहावा, आणि पहिल्या वर्षाच्या नोंदी ठेवण्याची जबाबदारी इथल्या दंतवैद्यांनी लेखी स्वीकारावी.